पुरुष म्हणून वावरताना आतले स्त्रीपण जपावे कसे

ज्यांची ओळख मनातून स्त्रीची आहे किंवा स्त्रीपणाकडे झुकणारी आहे, पण घर, नोकरी, सुरक्षितता किंवा स्वतःच्याच मनाची अपुरी तयारी यांपैकी कोणत्या ना कोणत्या कारणाने ज्यांना सध्या पुरुष म्हणूनच वावरावे लागते, अशा प्रौढ वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे. त्यांत पारलिंगी स्त्रिया येतात, स्त्री-पुरुष या दोन्ही चौकटींत न बसणाऱ्या व्यक्ती येतात आणि अधूनमधून स्त्रीवेष करण्यात समाधान मानणारे क्रॉसड्रेसरही येतात. प्रत्येकाचा हेतू निराळा असला तरी रोजची गरज बहुतेकांची सारखीच असते : दिवसभर दुसऱ्याच कोणाच्या नावावर वावरल्याची जी बेचैनी साचत जाते ती थोडी हलकी व्हावी, आणि त्यासाठी कोणाच्या डोळ्यांत न भरणारे असे स्वतःचे काहीतरी आपल्याजवळ असावे. या बेचैनीला वैद्यकीय भाषेत जेंडर डिस्फोरिया म्हणतात. ती सर्वांना सारख्या तीव्रतेने जाणवत नाही, आणि ती जाणवत नसेल तर आपली ओळख खोटी ठरते असेही नाही.

कोणतीही नवी गोष्ट सुरू करण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे स्वतःशी स्पष्ट करून घ्यावीत. ती गोष्ट कोणाकोणाला दिसेल, हा पहिला प्रश्न सर्वांनाच सुचतो. गरज पडली तर ती किती वेळात पूर्ववत करता येईल, हा दुसरा प्रश्न मात्र उत्साहाच्या भरात हमखास राहून जातो. आतले कपडे मिनिटभरात बदलता येतात, नखांचा रंग पाच मिनिटांत पुसला जातो, कोरलेल्या भुवया पुन्हा भरायला कित्येक आठवडे जातात, लेसरने विरळ झालेली दाढी बहुधा पूर्वीसारखी दाट होत नाही आणि हार्मोन्समुळे वाढलेले स्तन औषध थांबवले म्हणून नाहीसे होत नाहीत. ज्यांची परिस्थिती नाजूक आहे त्यांनी याच क्रमाने पुढे जावे, आणि ज्या टप्प्यावर पुरेसे समाधान मिळते तिथे खुशाल थांबावे. पुढचा टप्पा गाठलाच पाहिजे असे कोणतेही बंधन नाही.

पाहणाऱ्यांविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. सहकारी आणि नातेवाईक आपल्या अंगावरचा प्रत्येक तपशील न्याहाळत बसलेले नसतात. त्यांच्या लक्षात येतो तो एकाएकी पडलेला फरक. सोमवारी केस कापलेले, नखे चमकणारी, भुवया रेखीव आणि सुगंधही नवा असेल तर चारही गोष्टी किरकोळ असूनही प्रश्न विचारले जातात. त्याच चार गोष्टी सहा महिन्यांत एकेक करून आल्या, तर प्रत्येक गोष्ट तुमच्या नेहमीच्या रूपाचा भाग होऊन जाते. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, तो लोकांच्या सवयीचा होऊ द्यावा आणि मगच दुसऱ्याला हात घालावा.

कपडे

सुरुवात आतल्या कपड्यांपासून करावी, कारण ते दिसत नाहीत, लगेच बदलता येतात आणि दिवसभर अंगाला लागून असल्यामुळे आपली जाणीवही सतत करून देतात. स्त्रियांच्या साध्या सुती किंवा मोडालच्या पँटीज हा सर्वांत सोपा प्रारंभ आहे. माप घेताना नेहमीच्या पँटच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. कंबर आणि नितंबाचा सर्वांत रुंद भाग मोजपट्टीने मोजून उत्पादकाच्या तक्त्याशी ताडून पाहावा. पुरुषी शरीराला पुढच्या बाजूस जास्त जागा लागते, त्यामुळे अगदी अरुंद कापापेक्षा पूर्ण आच्छादन देणारा, कंबरेपर्यंत येणारा काप अधिक सोयीचा ठरतो. तो खाली वाकल्यावर पँटच्या वर डोकावू नये, एवढे आरशासमोर वाकून एकदा तपासून घ्यावे. जाळीची किनार आणि सॅटिनचा स्पर्श मोहक असतो खरा, पण ज्या दिवशी बरेच चालायचे किंवा घामाघूम व्हायचे असेल त्या दिवशी सुती कापडच बरे.

ब्राच्या बाबतीत थोडी अधिक काळजी लागते. छातीच्या उभाराखालून, बरगड्यांभोवती घेतलेले माप हे पट्ट्याचे माप असते, आणि छातीच्या सर्वांत पुढे आलेल्या भागावरून घेतलेल्या मापाशी त्याचा जो फरक पडतो त्यावरून कप ठरतो. इंचांत मोजणाऱ्या पद्धतीत साधारण एका इंचाच्या फरकाला ए आणि दोन इंचांच्या फरकाला बी कप येतो. बाहेर पुरुष म्हणून वावरताना तार आणि पॅड असलेली ब्रा टाळून, मऊ कापडाची, हुक नसलेली ब्रालेट किंवा कॅमिसोल (पातळ बंदांची, बिनबाह्यांची बनियन) वापरावी. नजर जाते ती रंगावर आणि पाठीवरल्या आडव्या रेषेवर. पांढऱ्या शर्टाखाली पांढरे कापड उठून दिसते आणि स्वतःच्या त्वचेच्या छटेशी जुळणारे कापड मिसळून जाते, हे अनेकांना उलटे वाटते, पण खिडकीच्या उजेडात उभे राहून पाहिले की लगेच पटते. वरून जाडसर विणीचा, गडद रंगाचा किंवा बारीक चौकटींचा शर्ट घातला तर रेषा जवळजवळ नाहीशी होते. तरीही पाठीवर थाप मारण्याची किंवा मिठी मारण्याची सवय असलेली माणसे भेटणार असतील, त्या दिवशी ब्रालेट घरीच ठेवावी, कारण नजरेला न दिसणारा पट्टा हाताला मात्र चटकन लागतो. अशा दिवशी पातळ कॅमिसोल बनियनसारखी खपून जाते.

बाहेरच्या कपड्यांत वाव वाटतो त्यापेक्षा बराच असतो. पुरुषांच्या शर्टाची बटणे घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला आणि स्त्रियांच्या शर्टाची डाव्या बाजूला असतात. हा फरक समोरच्याच्या क्वचितच ध्यानात येतो, पण रोज सकाळी बटणे लावताना आपल्या बोटांना तो कळतो, आणि आपल्याला हवे असते ते नेमके हेच. स्त्रियांच्या विभागातली साधी, सरळ कापाची जीन्स, बिनबाह्यांचे आतले टी-शर्ट, गोल गळ्याचे एकरंगी स्वेटर, पातळ मफलर आणि पायमोजे यांवर कोणाचा आक्षेप येण्याचा संभव फार कमी. जीन्सच्या उथळ खिशांमुळे फोन अर्धा बाहेर राहतो, हीच काय ती चाहूल लागण्याजोगी खूण. फोन पिशवीत ठेवावा. बुटांसाठी पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी, आणि ती संध्याकाळी मोजावी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. स्त्रियांचे बूट सहसा अरुंद असतात, म्हणून लांबी जुळली तरी रुंदी जुळेलच असे नाही. चष्मा वापरणाऱ्यांना तर आयतीच संधी असते : किंचित वर झुकलेल्या कोपऱ्यांची, पातळ चौकट चेहऱ्याचा भाव बदलते आणि कोणी विचारले तर ‘नवा चष्मा’ एवढे उत्तर पुरते.

कोणती वस्तू पुरुषी आणि कोणती बायकी हे ठरवणारी रेघ काळानुसार सरकत आलेली आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई लाल टाचांचे उंच बूट मिरवत असे, आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या मनगटावर दिसू लागेपर्यंत मनगटी घड्याळ हा बव्हंशी स्त्रियांचा अलंकार मानला जाई. आपल्या भोवतालच्या लोकांत ती रेघ आज नेमकी कुठे आहे याचा अंदाज घ्यावा आणि तिच्या अलीकडे, पण तिला अगदी खेटून राहावे.

शरीराचा आकार बदलणाऱ्या साधनांविषयी थोडक्यात. पुढचा भाग सपाट दिसावा म्हणून जननेंद्रिये मागे वळवून ठेवण्याला टकिंग म्हणतात. त्यासाठी घट्ट, पण हवा खेळू देणारी खास चड्डी वापरावी. सर्वसाधारण चिकटपट्टी त्वचा सोलून काढते. वेदना, बधिरपणा किंवा सूज जाणवली तर तत्काळ सोडावे, झोपताना कधीही करू नये आणि सलग तासन्‌तास ठेवण्याऐवजी मध्ये विश्रांती द्यावी. वृषणांना सतत अधिक उष्णता मिळाल्यास शुक्राणूंच्या दर्जावर परिणाम होऊ शकतो, ज्यांना पुढे मूल हवे आहे त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. कंबर आवळणारे पट्टेही श्वास पूर्ण घेता येईल इतपतच घट्ट असावेत. पुरुष म्हणून बाहेर पडताना या दोन्हींचा बाह्य उपयोग फारसा नसतो, त्यामुळे ती बंद दाराआडच्या वेळेसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे वाटते.

त्वचा, केस आणि नखे

त्वचेची निगा हे या सगळ्यांतले सर्वांत निर्धोक क्षेत्र आहे, कारण स्वच्छ, मऊ त्वचेला आता कोणीही स्त्रियांची मक्तेदारी मानत नाही. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि रोज सकाळी किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन एवढे नियमाने केले तरी काही महिन्यांत फरक पडतो. किंचित रंगछटा असलेला लिप बाम ओठांच्या मूळ रंगापेक्षा एकच पायरी गडद घ्यावा.

अंगावरचे केस काढताना पद्धत कोणती निवडायची हे ते किती दिवस दूर राहावेत यावर ठरवावे. रेझरने काढलेले केस दोन-तीन दिवसांत टोचू लागतात; ते अधिक जाड उगवतात हा मात्र गैरसमज आहे, कापलेले टोक बोथट असल्यामुळे तसे भासते. क्रीम वापरायचे असेल तर आधी थोड्याशा जागेवर लावून एक दिवस वाट पाहावी आणि चेहऱ्यासाठी बनवलेले नसेल ते चेहऱ्याला लावू नये. वॅक्सिंगसाठी केस साधारण अर्धा सेंटिमीटर वाढलेले लागतात आणि त्यानंतर काही आठवडे निश्चिंती मिळते. पाय आणि छातीपासून सुरुवात करावी, हातांचे केस मात्र सर्वांना दिसतात. ते एकदम नाहीसे करण्याऐवजी ट्रिमरला लांब कंगवा लावून दर पंधरवड्याला थोडे थोडे आखूड करत नेले तर दोन-तीन महिन्यांनी विरळ हात हेच तुमचे नेहमीचे हात ठरतात. पोहणे, सायकल किंवा धावणे यांची आवड असेल तर कारण आपोआपच मिळते, कारण पाय गुळगुळीत ठेवणारे खेळाडू पुष्कळ असतात.

दाढीची निळसर झाक अनेकांना सर्वांत जास्त सलते. रोज गरम पाण्याने त्वचा मऊ करून केसांच्या दिशेने काळजीपूर्वक दाढी करावी, आणि ज्या दिवशी गरज वाटेल त्या दिवशी केशरी किंवा पीच छटेचा करेक्टर बोटाच्या टोकाने अगदी पातळ लावून त्यावर त्वचेच्या रंगाचे कन्सीलर हलकेच थोपटावे. केशरी रंग निळ्याला मारतो, एवढेच त्यामागचे तंत्र आहे. कडेने घासून पसरवले तर थर दिसतो, थोपटले तर दिसत नाही. कायमचा उपाय हवा असणाऱ्यांपुढे लेसर आणि इलेक्ट्रॉलिसिस असे दोन मार्ग आहेत. लेसर केसातल्या काळ्या रंगद्रव्याला लक्ष्य करतो, त्यामुळे पांढऱ्या किंवा भुऱ्या केसांवर तो चालत नाही, आणि सावळ्या त्वचेवर भाजण्याचा धोका असल्याने १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग लेसर वापरणारे केंद्र शोधावे लागते. इलेक्ट्रॉलिसिसमध्ये एकेका केसाच्या मुळाशी सुई घालून विद्युत्‌प्रवाह सोडतात, त्यामुळे रंगाचा प्रश्न उरत नाही, पण पूर्ण दाढीला शंभराहून अधिक तासही लागू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनेही लेसरला ‘कायमस्वरूपी घट’ आणि इलेक्ट्रॉलिसिसला ‘कायमस्वरूपी निर्मूलन’ असा वेगळा दर्जा दिला आहे. दाढी करण्याचा त्रास नको, पुरळ येते, केस आत वाढतात ही कारणे पुरुषही नेहमी देतात, त्यामुळे या उपचाराचे समर्थन करणे अवघड जात नाही. त्यात गुप्तता बाळगण्याजोगी अडचण एकच : इलेक्ट्रॉलिसिससाठी उपचारापूर्वी काही दिवस दाढी वाढू द्यावी लागते आणि नंतर चेहरा लालसर राहतो, म्हणून तो सुटीला जोडून घ्यावा.

भुवया कोरताना हात आखडता घ्यावा. वरच्या कडेला हात न लावता फक्त खालच्या बाजूचे आणि मधले भरकटलेले केस काढावेत, ते आंघोळीनंतर त्वचा मऊ असताना, चांगल्या उजेडात, आणि दर चार-पाच केसांनंतर आरशापासून हातभर मागे सरून दोन्ही भुवया एकत्र पाहाव्यात. जवळून पाहत राहिले की हात थांबत नाही. ओलसर, रंगहीन जेलने केस वरच्या दिशेला बसवले तर काही न उपटताही डोळे मोकळे दिसतात. डोक्याच्या केसांची वाढ महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर असते, म्हणून केस वाढवायचे ठरवले तर मधला बेढब काळ कित्येक महिन्यांचा असतो. त्या काळात केस कापायला जाणे बंद करू नये. दर काही आठवड्यांनी मानेवरची आणि कानांभोवतीची कड नीट करून घेतली की ते वाढवलेले दिसतात, वाढलेले दिसत नाहीत. कामाच्या ठिकाणी मागे बांधता येतील आणि घरी मोकळे सोडून भांग बदलता येईल असा काप दोन्हीकडे उपयोगी पडतो.

नखांवर मी थोडा अधिक वेळ घालवायला सांगेन, कारण दिवसभरात आपण स्वतःचा चेहरा पाहत नाही, हात मात्र सतत पाहतो. कापण्याऐवजी कानशीने एकाच दिशेने घासत नखाला चौकोनी टोकाऐवजी किंचित अंडाकृती वळण द्यावे, बोटाच्या टोकापेक्षा एक-दोन मिलिमीटरच पुढे ठेवावे. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, म्हणजे क्युटिकल, कापू नये. आंघोळीनंतर तेलाचा थेंब लावून मऊ कापडाने मागे सारावी. त्यावर मॅट टॉप कोटचा एक थर दिला की नख निरोगी दिसते आणि चकाकत नाही. चकाकणारा पारदर्शक रंग दुरून ओळखू येतो, मॅट थर जवळूनही बहुधा कळत नाही. रंगाची हौस पायांच्या नखांवर भागवावी. हातांची नखे महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतात आणि पायांची त्याच्या निम्म्या वेगाने, त्यामुळे पायांवर लावलेला रंग बरेच दिवस नीटस राहतो. जेल रंग घरी पटकन काढता येत नाही, म्हणून साधाच रंग घ्यावा आणि रिमूव्हरची छोटी बाटली व कापूस हाताशी ठेवावा. कुठे अचानक बूट काढावे लागतील असा प्रसंग असेल तर मोजे हा दुसरा आधार. शस्त्रक्रिया किंवा दवाखान्यात दाखल होण्याची वेळ आली तर रंग आधीच काढावा, कारण बोटाला लावायच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचे वाचन गडद रंगामुळे बिघडू शकते.

सुगंध आणि दागिने यांना फार शब्द नकोत. परफ्यूमवरचे स्त्री-पुरुष हे शिक्के बरेचसे विक्रीसाठीच असतात. आयरिस, व्हायोलेट किंवा गुलाब यांच्या जोडीला चंदन अथवा देवदार असलेला सुगंध दोन्हीकडे चालतो. तो छातीवर, कपड्याच्या आत एकदाच लावावा. काही वेळाने आपल्याला त्याचा वास येईनासा होतो, नाक सरावते, आणि तेवढ्यावरून पुन्हा लावला की बाजूच्या माणसाला तो जास्त होतो. शर्टाच्या आत राहील अशी बारीक साखळी, मोज्यात दडणारी पायातली साखळी किंवा पातळ, बिनखड्याची अंगठी पुरेशी असते. कानाची पाळी टोचल्यास ती भरायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि तोपर्यंत कानातले काढून ठेवता येत नाही, म्हणून ज्या काळात उघडे कान हवे असतील तो काळ टाळावा.

आवाज आणि स्वतःशी बोलणे

पुरुषांच्या आवाजाची मूळ वारंवारता साधारण १०० ते १३० हर्ट्झ आणि स्त्रियांची साधारण १८० ते २२० हर्ट्झ असते, पण केवळ पट्टी चढवल्याने आवाज स्त्रीचा वाटत नाही. घसा आणि तोंड यांतली पोकळी किती लहान-मोठी ठेवतो, शब्दांना चढउतार कसा देतो आणि किती कमी जोर लावतो यांवर बरेच अवलंबून असते. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरतात. मंद आवाजात गुणगुणून सुरुवात करावी, आवंढा गिळताना घसा वर जातो ती जागा ओळखून तिथे अलगद थांबण्याचा सराव करावा, मग एक परिच्छेद वाचून ध्वनिमुद्रित करावा. घसा दुखला किंवा आवाज बसला तर तो दिवस सोडून द्यावा. वाहन एकट्याने चालवताना किंवा पाण्याचा आवाज असलेल्या न्हाणीघरात हा सराव कोणाच्या कानी पडत नाही. रोजच्या बोलण्यात त्यातला फक्त एक भाग न्यावा : शब्द संपवताना स्वर खाली आपटण्याऐवजी हलकेच सोडून द्यावा. याकडे लोक सौम्य बोलणे म्हणून पाहतात.

मराठीत बोलणाऱ्याला आणखी एक साधन आपसूक मिळालेले आहे, कारण ‘मी’ कोण आहे हे इथे क्रियापदच सांगते. रोजनिशीत ‘आज दमले’, ‘उशिरा उठले’, ‘तिच्याशी बोलायचे ठरवले होते, पण धीर झाला नाही, परत फिरले’ असे लिहायला एकही वस्तू विकत घ्यावी लागत नाही आणि आरशाचीही गरज पडत नाही. सुरुवातीला ती वाक्ये नाटकी वाटतात. महिनाभराने ती तशी वाटेनाशी झाली तर स्वतःविषयी बरेच काही उमगते. स्वतःला एखादे नाव निवडून त्याने आठवड्याभराच्या कामांची यादी लिहून पाहावी. सणासुदीच्या पोशाखापेक्षा वाणसामानाच्या यादीवर ते नाव कसे दिसते, यावरून ते टिकेल की नाही हे लवकर कळते.

चालणे आणि बसणे यांवर मात्र फार मेहनत घेऊ नये असे माझे मत आहे. ठरवून केलेली लचक ही कोणत्याही कपड्यापेक्षा आधी डोळ्यांत भरते. खांदे सैल ठेवणे, पावले किंचित जवळ टाकणे आणि बसताना गुडघे एकत्र आणणे एवढे बस्स.

खुणा कुठे राहतात

लोक कपड्यांवरून फारसे पकडले जात नाहीत, फोनवरून पकडले जातात. एकाच खात्याला जोडलेल्या दोन उपकरणांवर फोटो आपोआप पोहोचतात, त्यामुळे एकट्याने काढलेला फोटो घरातल्या सामाईक टॅबवर झळकू शकतो. कॅमेरा हातात घेण्यापूर्वी बॅकअपची जागा तपासावी. फोटोच्या फाइलमध्ये ठिकाण आणि वेळ नोंदवलेली असते, म्हणून तो कोणाला पाठवायचा असल्यास कॅमेऱ्याची स्थान-नोंद बंद असावी आणि पार्श्वभूमीत ओळखीची भिंत, खिडकी किंवा पडदा नसावा. ब्राउझरचा खासगी मोड त्या उपकरणावरचा इतिहास ठेवत नाही, पण कार्यालयाच्या जाळ्यावर काय पाहिले ते तिथल्या यंत्रणेपासून लपवत नाही. खरेदीसाठी वेगळा ईमेल आणि वेगळे खाते असावे, नाहीतर सामाईक संगणकावर पुढचे काही आठवडे ब्रालेटच्याच जाहिराती दिसत राहतात. सूचनांमधला मजकूर कुलूपबंद पडद्यावर दिसणार नाही अशी व्यवस्था करावी. आणि कळफलक विसरू नये : स्त्रीलिंगी रूपे रोज टंकणाऱ्याला तो कार्यालयाच्या संदेशातही ‘मी पाठवते’ सुचवू लागतो. रोजनिशीसाठी वेगळा कळफलक वापरावा किंवा शिकलेले शब्द वेळोवेळी पुसावेत.

पार्सल घरी न मागवता स्वतः जाऊन घेता येईल अशा ठिकाणी मागवावे. कपडे ठेवण्यासाठी कुलूप असलेली, पण रोजच्या वापरातली वाटेल अशी जागा निवडावी. जिमची पिशवी किंवा जुन्या कागदपत्रांची पेटी चालते, माळ्यावरची गुंडाळी मात्र साफसफाईच्या दिवशी पहिल्यांदा खाली येते. धुणे हाच खरा कसोटीचा भाग. आतले कपडे आंघोळीच्या वेळी हाताने धुवावेत, पिळण्याऐवजी टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावेत आणि त्याच टॉवेलखाली खोलीत वाळवावेत. मोडाल आणि नायलॉन रातोरात वाळतात. वाळलेले कपडे सकाळी प्रथम उचलून जागच्या जागी ठेवावेत.

कोणी विचारले तर

उत्तर लहान असावे आणि खरे असावे. ‘मला आवडते’, ‘त्वचेला बरे पडते’, ‘केस वाढवून पाहतोय’ ही तीनही उत्तरे खरी आहेत आणि त्यांपुढे संभाषण सहसा सरकत नाही. लांबलचक खुलासा, रचलेली गोष्ट किंवा उगाच हसण्यावारी नेणे यांनीच संशय वाढतो, शिवाय रचलेली गोष्ट पुढे लक्षात ठेवावी लागते. भुवयांबद्दल विचारणाऱ्याला भुवयांपुरतेच उत्तर द्यावे. त्याने आपल्या ओळखीबद्दल विचारलेले नसते.

जोडीदाराच्या बाबतीत मात्र एवढ्यावर भागत नाही. कपाटात सापडलेल्या अनोळखी ब्राचा जोडीदाराच्या मनात पहिला अर्थ बहुतेक वेळा परस्त्री हा असतो, आणि त्यानंतर सांगितलेले सत्य बचावासारखे ऐकू येते. घरात हिंसेचे किंवा घराबाहेर काढले जाण्याचे भय नसेल, तर सापडण्याआधी स्वतः सांगणे केव्हाही बरे. शांत वेळी, एकाच बैठकीत सर्व काही उलगडण्याचा आग्रह न धरता, आपल्याला काय वाटते आणि सध्या आपण काय करतो एवढ्यापुरते बोलावे, आणि समोरच्याला प्रश्न घेऊन परत यायला वेळ द्यावा. तसे भय असेल तर सांगण्याची घाई करू नये. चटकन काढून ठेवता येईल तेवढेच जवळ बाळगावे, ओळखपत्रे आणि थोडे पैसे आपल्या हाताशी ठेवावेत आणि रात्री-अपरात्री जाता येईल अशी एक तरी विश्वासाची व्यक्ती आधीच ठरवून ठेवावी.

औषधोपचार सुरू केल्यावर

हार्मोन्स घेत असूनही बाहेर पुरुष म्हणून वावरणे याला पारलिंगी स्त्रियांमध्ये बॉयमोड म्हणतात. इथे गुप्ततेची मुदत शरीर ठरवते. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन आणि त्याच्या जोडीला टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-हार्मोन दाबणारे औषध सुरू केल्यावर साधारण तीन ते सहा महिन्यांत स्तनांची वाढ सुरू होते, त्वचा मऊ होते, चरबीची ठेवण हळूहळू बदलते. आवाज मात्र यौवनात एकदा फुटला की इस्ट्रोजेनने परत वर जात नाही. सुरुवातीला सैल शर्ट आणि जाकीट पुरते, नंतर घट्ट बसणारा खेळासाठीचा टॉप किंवा छाती सपाट ठेवणारा बाइंडर वापरता येतो. बाइंडर आठ तासांहून अधिक घालू नये, त्यात झोपू नये आणि वाढणारे स्तन दुखरे असतात तेव्हा तो टाळावा.

ही औषधे स्वतःच्या मनाने किंवा कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो, तो धूम्रपानाने वाढतो. टेस्टोस्टेरॉन दाबण्यासाठी नेहमी दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोन हे औषध रक्तातले पोटॅशियम वाढवू शकते, म्हणून ठरावीक काळाने रक्ततपासणी लागतेच. प्रजननक्षमता कमी होते आणि ती परत येईलच याची शाश्वती नसते, त्यामुळे मूल हवे असण्याची शक्यता असेल तर उपचारापूर्वीच शुक्राणू साठवून ठेवण्याविषयी विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेने रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, लिंगओळखीची विसंगती मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. समोरचा डॉक्टर याला वेड समजून ‘बरे करू’ म्हणत असेल तर दुसरा डॉक्टर शोधावा. त्वचा, दात, हाडे अशा कोणत्याही वेगळ्या कारणासाठी डॉक्टरकडे गेल्यास आणि विशेषतः भूल द्यायची असल्यास, चालू असलेल्या औषधांची नावे व मात्रा सांगाव्यात. सोबत नातेवाईक असतील तर त्यांना बाहेर थांबायला सांगून ही माहिती डॉक्टरला एकांतात देता येते, आणि तसे करायचे ठरले असेल तर औषधांची यादी आधीच कागदावर लिहून खिशात ठेवावी.